चार बोटांचा फरक

पुठ्ठा कापताना आजोबा श्वास रोखून धरत. पन्नास वर्षं पुस्तकांची बांधणी केलेल्या माणसाला त्याची गरज नव्हती. पण हा पुठ्ठा पुस्तकाला लागायचा नव्हता, त्यावर त्यांची नात निजायची होती.

दर वर्षी अशी एक फळी होत असे. जाड पुठ्ठ्याचे चार थर खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर जुनी रजिस्टरं रचून आठवडाभर दाबून ठेवायचे, कडा कानशीने घासून गोल करायच्या, बांधणीचं कापड चढवायचं आणि दोन्ही अंगांना हात घालायला खाचा पाडायच्या. नातीला पलंगावरून हलवायचं म्हणजे ती निजली असेल ती फळीच उचलायची. घरात एकटं माणूस असेल तर फळी तशीच चाकांच्या खुर्चीवर ओढून घ्यायची. त्यासाठी आजोबांनी पलंगाचे पाय कापून दोन्हींची उंची एक केली होती. मुलीला हाताने कोणी उचलत नसे. हा घरचा नियम होता आणि फळीसारखाच तोही आजोबांनीच घडवलेला होता.

"यंदा पिवळं कापड," नात पलंगावरून म्हणाली. "मागच्या वर्षीचं ते खाकी अगदी जप्तीच्या फायलीसारखं होतं."

"तूच निवडलं होतंस."

"तेव्हा मी आठ वर्षांची होते. अक्कल नव्हती."

आजोबांनी हसून फीत घेतली आणि डोक्यापासून टाचेपर्यंत तिचं माप घेतलं. फीत अंगाला लागू न देता, दोन बोटं वर धरून. मापात पुढे दोन बोटं जागा वाढवली. बांधणीचा पुठ्ठा पानांपेक्षा थोडा मोठा ठेवायचा असतो, म्हणजे मार बसला तर तो पुठ्ठ्याला बसतो, पानांच्या कडा वाचतात. ही सवय हातात इतकी मुरली होती की नातीच्या मापातही ती आपोआप आली होती.

घराची पुढची खोली हाच आजोबांचा कारखाना. एका बाजूला त्यांचं लांब टेबल, त्यावर खळीचं भांडं, सुया, दोरा, घड्या दाबायची गुळगुळीत हाडाची पट्टी. समोर खिडकीखाली नातीचा पलंग. खिडकीची कड उंच असल्यामुळे पडल्या पडल्या तिला रस्त्यावरची माणसं फक्त कमरेच्या वर दिसत. समोरचे घड्याळं दुरुस्त करणारे काका, पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं, कुत्र्याला फिरवणारी बाई. त्या बाईचा कुत्रा तिने कधीच पाहिला नव्हता. बाईचा हात सारखा पुढे ओढला जायचा, त्यावरून तिने तो ओळखला होता.

तिची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. नऊ वर्षांत सोळा वेळा मोडली होती. दोन्ही मांड्यांची हाडं मोडून, जुळून, पुन्हा मोडून बाहेरच्या बाजूला वाकली होती. सहा वर्षांची असताना व्याकरणाच्या पुस्तकात तिने विरामचिन्हांचं पान पाहिलं आणि ओरडलीच, "आजोबा, हे बघा माझे पाय!" कंसाची दोन चिन्हं होती. त्या दिवसापासून आजोबांपुरती ती कंसू झाली. तिच्या आईला ते नाव मुळीच खपत नसे.

"पण आजोबा, कंसात काय लिहितात?" त्याच दिवशी तिने विचारलं होतं.

"जे नसलं तरी वाक्य अडत नाही, ते," आजोबा बोलून गेले.

उत्तर बरोबर होतं. त्या उत्तराबद्दल त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नव्हतं.

माफ न केलेली आणखी एक गोष्ट होती, ती फार जुनी. नात पाच महिन्यांची असताना तिची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, न्हाणीघरात आणि बाळ आजोबांकडे होतं. लंगोट ओला झाला. आजोबांनी आपल्या मुलीचे असे शेकडो लंगोट बदलले होते. एका हातात दोन्ही घोटे धरायचे, पाय वर उचलायचे, खालून कापड ओढून घ्यायचं. त्यांनी तसंच केलं आणि 'टच्' असा आवाज झाला. अगदी बारीक, वाळका पुठ्ठा मुडपावा तसा. त्यानंतर बाळाने आकांत मांडला.

हॉस्पिटलात तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या खोल्यांत विचारलं, "घरात मुलीवर हात कोण उचलतं?" शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांचा निळसर पांढरेपणा पाहिला, पुन्हा हाडांचे फोटो काढायला लावले आणि दुखणं ओळखलं. "आज ना उद्या हे होणारच होतं," ते म्हणाले. "तुमच्या हातून झालं, एवढंच." त्यातले 'तुमच्या हातून' हे दोनच शब्द आजोबांनी घरी आणले.

आणि घरी गाडीतून उतरताना, बाळाला घ्यायला ते पुढे झाले तेव्हा त्यांची मुलगी एक पाऊल मागे सरली. म्हणाली, "बाबा, तुम्ही नका."

एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, की कधी आवाज चढवला नाही. पण त्यानंतर नऊ वर्षांत आजोबांनी नातीला अक्षरं शिकवली, गोष्टी सांगितल्या, तिची भांडणं ऐकली, तिला हात मात्र लावला नाही. लावला तो फळीला.

या वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. हाडांचे डॉक्टर तरुण होते, किडकिडीत, आणि समजावून सांगताना कागदावर चित्र काढायची त्यांना हौस होती. आजोबा मुलीबरोबर गेले होते आणि चित्रासाठी त्यांनीच खिशातली पेन्सिल दिली होती.

"मांडीचं हाड दोन-तीन ठिकाणी कापायचं," डॉक्टर रेघा ओढत म्हणाले, "तुकडे सरळ रांगेत लावायचे आणि आतून सळई ओवायची. मणी ओवतात तशी."

"पण ती वाढतेय ना," नातीची आई म्हणाली. "सळई कशी वाढणार?"

"तीच तर गंमत आहे. आजोबा, जुन्या रेडिओची एरिअल आठवते? नळीत सळई. याचं एक टोक खुब्याशी पक्कं, दुसरं गुडघ्याशी. हाड वाढेल तशी ती नळीतून सरकत लांब होते." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हाडाचा स्वभाव काही बदलत नाही बरं का. ते ठिसूळच राहणार, पुढे मोडूही शकेल. पण आत आधार असेल, तर वाकणार नाही. आणि सळई निम्मंच काम करते. उरलेलं मुलीने उभं राहून करायचं. भार पडला नाही, तर हाड पातळ होत जातं."

आजोबांनी मान डोलावली. ऐकलं सगळं, पण घरच्या फळीशी ते जोडून पाहिलं नाही. घरी येऊन ते पिवळ्या फळीच्या कामाला लागले. पायांना प्लास्टर असणार, वजन वाढणार, म्हणून या खेपेला चाराऐवजी पाच थर घातले.

*

हॉस्पिटलात नातीजवळ एकाच माणसाला राहायची परवानगी होती. अर्थातच आई राहिली. नातीचे वडील मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते, ते आठ-आठ महिने यायचे नाहीत. आजोबा घरी एकटे उरले.

एकटेपणाची त्यांना सवय आहे असा त्यांचा समज होता. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मित्र म्हणावेत असे दोघे होते, ते दोघेही आता नव्हते. पण त्या दहा दिवसांत त्यांना कळलं, की टेबलापाशी काम करताना आपण सारखं काहीबाही बोलत असतो आणि पलंगावरून त्यावर काहीतरी टोमणा येत असतो. आता टोमणा येत नव्हता. दोरा ओवताना ते म्हणाले, "डोळे गेले बघ माझे," आणि पुढचा बराच वेळ सुई हातात धरून बसले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी कामात लक्ष लागेना, तेव्हा ते उठले आणि नातीच्या पलंगावर जाऊन आडवे झाले. रस्त्यावरून अर्धी अर्धी माणसं जात होती. पोरांच्या फक्त डोक्यांची रांग तरंगत गेली. घड्याळवाल्या काकांनी सवयीने खिडकीकडे पाहून हात केला, पलंगावर म्हातारा पाहून चपापले आणि हात हळूच खाली घेतला. कुणी जवळ येत नव्हतं. नऊ वर्षं ती इथून पाहत होती आणि नऊ वर्षं कुणी जवळ येत नव्हतं. नियमच तसा होता.

चार वाजता फोन वाजला. "झालं, बाबा," मुलीचा आवाज थकलेला होता. "दोन्ही सरळ."

नातीला घरी आणलं त्या दिवशी आजोबांनी पिवळी फळी पलंगावर मांडून ठेवली होती. हॉस्पिटलच्या गाडीवरच्या दोन माणसांनी तिला उचलून अलगद फळीवर ठेवलं. कमरेपासून पावलांपर्यंत पांढरं प्लास्टर होतं. डोकं वरच्या कडेला बरोबर लागलं. आजोबांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. टाचा फळीच्या बाहेर गेल्या होत्या. चांगल्या दोन बोटं.

वाढवलेली जागा दोन बोटांची, ती संपली होती आणि वर आणखी दोन. चार बोटांचा फरक. वाकलेलं सरळ केलं की लांब होतं, एवढी साधी गोष्ट. ओलीने वाकलेला पुठ्ठा सपाट करून त्यांनी जन्मभर मापं घेतली होती आणि नातीचं माप मात्र वाकलेल्या पायांवरून धरलं होतं.

"चुकलं माझं," ते पुटपुटले. "नवीन करतो. आठ दिवसांत करतो."

"काय चुकलं?" नातीने मान उचलायचा प्रयत्न केला. आईने तिला आरसा धरून दाखवलं. ती इतकी हसली की आईने तिला दटावलं. "आजोबा! मी फळीबाहेर! बाइंडरबुवा, पान पुठ्ठ्याबाहेर आलं की तुमचं!"

"हसू नकोस, टाके दुखतील."

"दुखतायतच. आजोबा, आता माझे कंस गेले. आता मी काय?"

आजोबांनी सरळ ठेवलेल्या त्या दोन पांढऱ्या पायांकडे पाहिलं. "कवितेच्या शेवटी दोन उभ्या रेघा असतात ना," ते म्हणाले, "तशी."

"आडव्या आहेत त्या सध्या," नात म्हणाली.

*

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि दुसऱ्याच दिवशी व्यायामाच्या बाई घरी आल्या. मोठ्या हाडापेराच्या, आवाज दार ठोठावल्यासारखा. त्यांनी नातीच्या मापाचे आधारपट्टे आणले होते, मांडीपासून पावलापर्यंत बांधायचे. पट्टे खाली ठेवता ठेवता त्यांचं लक्ष कपाटाशेजारी रचलेल्या फळ्यांकडे गेलं.

"हे काय, घराचे दरवाजे काढून ठेवलेत?"

नातीने फुशारकीने सगळं सांगितलं. कुठली कुठल्या वर्षाची, कुठलं कापड कुणी निवडलं. आजोबा संकोचून खळीचं भांडं पुसत राहिले, पण आतून त्यांना बरं वाटत होतं. बाईंनी एक फळी उचलली, कडेवरून बोट फिरवलं, खाचेत हात घालून पाहिला.

"आजोबा, काम सुंदर आहे. खोटं नाही सांगत. पण हिच्या हाडांना या फळीनेच खाल्लंय."

आजोबांचा हात थांबला.

"मोडू नये म्हणून जपलंत, कळतं मला. सगळेच जपतात. पण नुसतं पडून राहिलं की हाड आणखी कच्चं होतं, मग आणखी मोडतं, मग तुम्ही आणखी जपता. आता फळी बंद. हाताने उचलायचं आणि दिवसातून चार वेळा उभं करायचं." त्यांनी आईकडे पाहिलं. "तुम्ही घरी कधी असता?"

"मी बसस्थानकात तिकीटखिडकीवर आहे. सकाळी सात ते चार. रजा सगळी संपली."

"वडील?"

"बोटीवर."

"मग उरलं कोण?"

आजोबांना आपल्याकडे वळलेली तीन तोंडं न पाहताही जाणवली.

"कुणी नसेल तर आमच्या निवासी केंद्रात नाव घालते," बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला होता. "तीन महिने. चांगली जागा आहे. फक्त लांब आहे. भेट महिन्यातून एकदा."

नात खिडकीकडे पाहू लागली.

बाईंनी उचलायचं कसं ते दाखवलं. बोटं पसरायची, तळव्यावर भार घ्यायचा. एक हात बैठकीखाली, दुसरा खांद्यांमागे. काखेत धरून उचलायचं नाही, ओढायचं नाही. "आणि घोटे धरून पाय वर कधीच उचलायचे नाहीत."

"ते मला ठाऊक आहे," आजोबा म्हणाले.

"पंधरा दिवसांनी येते. आजोबांनी मला हिला पलंगावरून उचलून उभी करून दाखवायची. जमलं तर ती घरी. नाही जमलं, तर केंद्रात."

*

आजोबांनी उशीवर सराव सुरू केला. खोळीत तीन रजिस्टरं घालून उशीचं वजन वाढवलं, पलंगाच्या कडेला ठेवली आणि बाईंनी सांगितलं होतं तसे हात घालून ती उचलली. दहा वेळा, वीस वेळा. मग नातीकडे वळत, हात पुढे करत आणि ते हात वीतभर अलीकडे थांबत. कानात तो आवाज घुमायचा. तळव्यांना घाम फुटायचा.

"उशी बरी आहे ना?" नात विचारायची. "कुठे फ्रॅक्चर वगैरे?"

"उद्या करू."

"उद्या उशीला सुट्टी द्या. थकली ती."

पहाटे कामावर जाण्याआधी आणि परत आल्यावर आई तिला उभी करत होती. सुरुवातीला तीही बिचकली, पण दात आवळून करायची. दिवसाच्या दोन वेळा मात्र रिकाम्या जात. पट्टे बांधलेली नात पलंगावर बसून राही, आजोबा टेबलापाशी आणि दोघांमध्ये सहा पावलांची फरशी.

बाराव्या दिवशी संध्याकाळी आजोबा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी भांडी पुसत होती.

"तिचं नाव केंद्रात घाल," ते म्हणाले. "माझ्याने होणार नाही."

"बाबा, ती तिथे कशी राहील? तुमच्याशिवाय तिचा एक दिवस जात नाही."

"मला हात लावता येत नाही तिला. तूच म्हणाली होतीस."

"मी? काय म्हणाले होते?"

"तुम्ही नका, म्हणून."

तिने फडकं खाली ठेवलं. "कधी?"

"हॉस्पिटलातून पहिल्यांदा आणली तेव्हा. गाडीतून उतरताना. मी घ्यायला पुढे झालो, तू मागे सरलीस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही नका."

"मला त्या दिवसाचं काहीसुद्धा आठवत नाही," ती म्हणाली. "पायात काय होतं तेही नाही. कदाचित म्हणाले असेन. माझ्या खांद्याला ती मोठी पिशवी होती ना, कपड्यांची. तुमची कंबर तेव्हा धरलेली. तुम्ही नका उचलू, असं पिशवीबद्दल म्हणाले असेन." मग आणखी हळू, "नाहीतर तिच्याबद्दलही असेल. खरंच नाही आठवत, बाबा. तुम्ही तेव्हाच विचारायचं की हो."

आजोबा आपल्या खोलीत आले. पिशवी होती का? त्यांनी डोळे मिटून ती गाडी, ते दार, मुलीचा खांदा आठवून पाहिला. एकदा पिशवी दिसे, एकदा दिसत नसे. ज्या शब्दांवर त्यांनी नऊ वर्षं घर बांधलं होतं ते कदाचित कपड्यांच्या पिशवीला उद्देशून होते. हे कळून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट ती नऊ वर्षं एकदम अंगावर आली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जन्मनोंदींचं एक जुनं रजिस्टर घेऊन बसले. पानं इतकी वाळली होती की बोट लागलं तर कोपरा हातात यायचा. नात पलंगाच्या कडेला पट्टे बांधून, पाय खाली सोडून बसली होती आणि पाहत होती.

"आजोबा, तुम्ही ते पान कसं उचलता, माहितीय?"

"कसं?"

"आधी हात पसरता. मग तो पानाखाली थोडासाच घालता आणि थांबता. ओढत नाही. थांबलात की पान आपोआप तुमच्या हातावर येतं. मग उचलता." तिने त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. "मी नऊ वर्षं दुसरं काय बघितलंय?"

आजोबांचा हात पानाखाली तसाच होता.

"मला पान समजा," ती म्हणाली. "तुम्ही नुसते हात घाला आणि थांबा. माझी मी येते तुमच्या हातावर."

"कंसू, आवाज झाला तर?"

"झाला तर झाला. सोळा वेळा झालाय. एकदाच तुमच्याकडून, पंधरा वेळा असाच." तिने नाक उडवलं. "एकदा तर शिंकताना. आणि केंद्रात गेले तर तिथे उचलणारं माणूस काय कंसू म्हणणार आहे मला?"

आजोबांनी पान हळूच खाली ठेवलं. खळीचे हात धुतले, कोरडे केले, एकमेकांवर घासून गरम केले. सहा पावलं चालून ते पलंगापाशी आले आणि गुडघ्यात वाकले. डावा हात पसरून बैठकीखाली थोडासा घातला, उजवा खांद्यांमागे नेला आणि थांबले.

ती हलली. आधी एक कुल्ला, मग दुसरा, मग पाठ. तळव्यावर ऊब आली, मग वजन आलं. पाठीचे मणके सदऱ्यातून बोटांना लागले. इतकी हलकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं आणि इतकी गरमही. हाताने तिला ओळखलंच नाही. हाताला आठवत होतं ते पाच महिन्यांचं बाळ.

"आता," ती म्हणाली.

आजोबा उठू लागले आणि 'टच्' असा आवाज झाला.

दोघंही जागच्या जागी थिजली. नातीने डोळे घट्ट मिटले, अंगभर लक्ष देऊन कळ कुठून येते याची वाट पाहिली. मग एक डोळा उघडला.

"आजोबा."

"अं?"

"तुमचा गुडघा होता."

आजोबांनी गुडघा थोडा हलवला. पुन्हा 'टच्' झालं. नातीला जे हसू फुटलं, ते त्यांच्या दोन्ही तळहातांत थरथरत राहिलं. हसू हातांना असं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला टेबलाच्या कडेशी नेलं, पावलं फरशीवर टेकू दिली, गुडघे मुडपू नयेत म्हणून पट्ट्यांच्या कड्या लावल्या. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं. आजोबांनी दोन्ही बाजूंनी कंबर धरली. ती उभी राहिली.

दहा आकडे मोजायचे होते. आजोबा आठाच्या पुढे चुकले, पुन्हा सातावर आले. तिने त्यांना हटकलं नाही.

*

व्यायामाच्या बाई आल्या, पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या गुडघ्याला पण दाखवा कुणाला तरी." केंद्राचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग दिवसातून दोनदा आजोबांचे हात तिच्या कमरेला असायचे. आधी दहा आकडे, मग पन्नास, मग एक अख्खी गोष्ट होईपर्यंत. टेबलापासून खिडकीपर्यंत जायला सात आठवडे लागले. तोवर पलंग खिडकीखालून जरा बाजूला सरकवला होता. खिडकीपाशी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती खाली वाकून पाहतच राहिली.

"आजोबा! घड्याळवाले काका खाली चड्डी घालून बसतात! वर टाय आणि खाली चड्डी!"

"हळू बोल."

"इतकी वर्षं मी त्यांना साहेब समजत होते." रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती. ती त्यांच्या पायांकडे पाहत होती, एकही जोडी सुटू नये असं.

पिवळ्या फळीचे आजोबांनी दोन तुकडे केले. ते जन्मनोंदींच्या रजिस्टरला पुठ्ठे म्हणून बरोबर बसले. बाकीच्या फळ्या कपाटामागे गेल्या.

शाळेच्या बाई येऊन भेटून गेल्या. पुढच्या सत्रापासून सकाळी नऊ ते तीन, दारापर्यंत गाडी, वर्गात चाकांची खुर्ची आणि थोडं थोडं चालणं. आई रडली आणि मग दप्तर आणायला गेली. आजोबांनी वह्यांना कव्हरं घातली. नऊ ते तीन म्हणजे सहा तास, असा हिशेब त्यांनी मनात केला आणि टेबलावरची सुई उगाचच दुसरीकडे ठेवली.

सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी नात पलंगापाशी उभी राहिली. आजोबांचे हात नेहमीच्या जागी, कमरेला. आता त्यांना घाम येत नसे. आपले हात तिथे ठेवताना ते काही विचारही करत नसत. पुस्तक हातात घ्यावं तसे ते हात जात.

"टेबलापर्यंत," ती म्हणाली. "सहा पावलं."

"चल."

"नाही. तुम्ही नका."

ती मागे वळून पाहत नव्हती, समोर टेबलाकडे पाहत होती. आजोबांना ते शब्द ऐकू आले आणि या वेळी ते कुणाबद्दल आहेत हे विचारायची गरज पडली नाही.

त्यांनी आधी बोटं सैल केली. मग तळवे काढले. हात खाली मात्र त्यांना सोडवेनात. तिच्या दोन्ही बाजूंना, अंगापासून चार बोटं दूर, पसरलेले तळवे धरून ते मागून चालू लागले. तिने एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं. पट्ट्यांच्या कड्या वाजल्या.

तिसऱ्या पावलाला अंतर पाच बोटांचं झालं. आजोबांनी ते तसंच राहू दिलं.